स्वाहिली ‘आशा’: नावाचा अर्थ आणि त्याचे मूळ

टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने मला विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. त्यांनी आपल्या मुलीचे नाव तिच्या पणजीच्या नावावरून आशा ठेवले. बारशाचे पेढे घेऊन ते शेजारी गेले, तेव्हा तिथल्या वयस्कर स्वाहिली बाईंनी नाव ऐकताच बाळाला मांडीवर घेतले आणि हे तर आमचेच नाव, माझ्या आईचेही हेच होते, असे आनंदाने सांगितले. अर्थ विचारल्यावर मात्र त्या ‘उमेद’ म्हणाल्या नाहीत, ‘जीवन’ म्हणाल्या. तेव्हापासून या दांपत्याला चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हा शब्द एकच आहे काय? आपल्याकडच्या व्यापाऱ्यांबरोबर तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला असेल काय? मुलीला उद्या कोणी नावाचा अर्थ विचारला तर तिने काय सांगावे? आणि तिथल्या कागदपत्रांवर रोमन लिपीत नाव लिहिताना सुरुवातीला ‘ए’ हे अक्षर एकदा लिहावे की दोनदा?

मी गेली वीसहून अधिक वर्षे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची स्वाहिली भाषा शिकवतो आणि स्वाहिलीतून मराठीत भाषांतर करतो, आणि या काळात या नावाशी माझा अनेक वेळा संबंध आला आहे. त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो, कारण दोन वाक्यांत दिलेले उत्तर बरोबर असले तरी ते का बरोबर आहे हे त्यातून कळणार नाही.

मराठी आशा आणि स्वाहिली आशा हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे, दोन्ही मुलींचीच नावे आहेत आणि दोन्हींचे अर्थ शुभ आहेत, तरीही त्यांचे मूळ एक नाही. आपली आशा संस्कृतातली आहे. ‘आ’ उपसर्ग लागलेल्या ‘शंस्’ धातूशी तिचा संबंध जोडतात, म्हणजे आशंसा आणि प्रशंसा ही तिची जवळची नाती. संस्कृतातसुद्धा ‘आशा’ या उच्चाराचे दोन शब्द आहेत, एक उमेद या अर्थाचा आणि दुसरा दिशा या अर्थाचा, आणि अमरकोशात दिशांच्या नावांमध्ये ककुभ, काष्ठा यांच्या शेजारी आशा हा शब्द आलेला आहे. हे आवर्जून सांगतो, कारण एकाच भाषेत सारख्या उच्चाराचे दोन शब्द निरनिराळे असू शकतात, तर हिंद महासागराच्या दोन टोकांवर ते तसे असणे मुळीच आश्चर्याचे नाही. पारशी धर्मग्रंथांत सत्य आणि विश्वाची सुव्यवस्था या अर्थाचा ‘अश’ नावाचा एक तिसरा शब्द आहे. त्याचे नाते आपल्या ‘ऋत’ या शब्दाशी आहे आणि त्याचाही या दोन्ही नावांशी काही संबंध नाही.

स्वाहिली आशा हे अरबी ‘आइशा’ या नावाचे स्वाहिली रूप आहे. आपण मराठीत ते आयेशा किंवा आयशा असे लिहितो. अरबीत ‘ऐन, या, शीन’ या तीन व्यंजनांचा एक धातू आहे आणि ‘जगणे’ हा त्याचा अर्थ आहे. ‘आश’ म्हणजे तो जगला, ‘ऐश’ म्हणजे जगणे किंवा जगण्याचे साधन, ‘मईशा’ म्हणजे उपजीविका. या धातूपासून ‘जगणारा’ असे कर्तृवाचक रूप करताना मधल्या ‘या’चा लोप होऊन त्या जागी घशात क्षणभर थांबणारा हम्झा येतो, आणि त्या रूपाला स्त्रीलिंगी प्रत्यय लागला की ‘आइशा’ तयार होते. म्हणजे नावाचा अगदी शब्दशः अर्थ ‘जगणारी’, ‘जिवंत असलेली’ असा आहे. शेजारच्या बाईंनी सांगितलेला ‘जीवन’ हा अर्थ त्यामुळे चुकीचा नाही, फक्त तो थोडा सैल आहे. ज्या समाजात अनेक मुले पाळण्यातच दगावत असत, त्या समाजात नव्या मुलीला ‘जगणारी’ म्हणून हाक मारण्यामागची भावना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे जिवाजी आणि चिरंजीव ही नावे त्याच काळजीतून आलेली आहेत.

अर्थात केवळ अर्थाच्या बळावर हे नाव इतके पसरले नाही. पैगंबर मुहंमद यांच्या पत्नी आणि पहिले खलिफा अबू बक्र यांच्या कन्या आयेशा यांच्यामुळे सुन्नी मुसलमानांत या नावाला मोठा मान मिळाला, आणि ज्या ज्या भाषेत ते गेले त्या त्या भाषेने त्याला आपल्या जिभेप्रमाणे वळण दिले. तुर्कस्तानात त्याचे ‘आयशे’ झाले, सेनेगलमध्ये ‘ऐसातू’ झाले, आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘आशा’ झाले.

आता हे वळण कसे पडले ते पाहू, कारण माझ्या मते या प्रश्नाचा खरा निकाल तिथेच लागतो. अरबीतला ‘ऐन’ हा घशाच्या खोल भागातून येणारा वर्ण स्वाहिलीत नाही. तो जिथे जिथे आला तिथे स्वाहिलीने तो गाळला आणि त्याच्या सोबतचा स्वर तेवढा ठेवला. अरबी ‘इल्म’चे स्वाहिलीत ‘एलिमु’ झाले आणि त्याचा अर्थ शिक्षण. अरबी ‘अक्ल’चे ‘अकिली’ झाले, आणि मराठीनेही तोच वर्ण गाळून त्याच शब्दाची ‘अक्कल’ केली. नावांच्या बाबतीतही हीच शिस्त दिसते. उमरचे ओमारी होते, फातिमाचे फातुमा, झैनबचे झैनाबु, मरियमचे मारियामु, सलीमचे सालिमु, रजबचे राजाबु. स्वाहिली शब्द स्वरावर संपतो आणि त्याचा आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. आइशा या नावातला सुरुवातीचा ऐन गेला, मधला हम्झा गेला, ‘आ’ आणि ‘इ’ हे जोडून आलेले स्वर एकमेकांत मिसळले, आघात पहिल्या अक्षरावर स्थिरावला आणि ‘आशा’ उरली. हाच बदल थोड्या वेगळ्या वाटेने झाला की ‘एशा’ तयार होते, कारण बोलभाषेतल्या अरबीत ‘ऐ’चा ‘ए’ होण्याची प्रवृत्ती आहे. केनियाच्या उत्तर किनाऱ्याकडे, लामूच्या बाजूला, एशा हे रूप ऐकू येते. म्हणजे आयशा, आशा आणि एशा ही स्वाहिलीत एकाच नावाची तीन रूपे आहेत.

याचा एक पुरावा माझ्या टेबलावर आला होता. उंगुजा बेटावरच्या, म्हणजे आपण ज्याला झांझिबार म्हणतो त्या बेटावरच्या, एका वृद्ध बाईंची कागदपत्रे वारसाहक्काच्या कामासाठी भाषांतराला आली होती. पासपोर्टवर त्यांचे नाव आयशा होते. प्राथमिक शाळेच्या जुन्या दाखल्यावर ते आशा होते. तिसरा कागद म्हणजे त्यांच्या आजीने अरबी लिपीतल्या स्वाहिलीत लिहिलेली एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती, आणि तिच्यात नातीचे नाव ‘ऐन’ या अक्षराने सुरू होत होते. ज्या कार्यालयात ही कागदपत्रे सादर करायची होती, तिथल्या लेखनिकाने या तीन वेगवेगळ्या बायका आहेत असे समजून अर्ज परत केला होता. मला भाषांतराच्या खाली ही तिन्ही रूपे एकाच नावाची आहेत अशी टीप सकारण लिहून द्यावी लागली. त्या चिठ्ठीतला तो ऐन मी अजून विसरलेलो नाही, कारण बोलताना जो वर्ण केव्हाच नाहीसा झाला होता, तो आजीच्या हाताने कागदावर जपलेला होता.

लिपीचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. स्वाहिली शतकानुशतके अरबी लिपीत लिहिली जात होती. स्वाहिलीतली ज्ञात असलेली सर्वांत जुनी पत्रे आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या किल्वा येथून 1711 मध्ये अरबी लिपीत लिहिलेली आहेत. ती मोझांबिकमधल्या पोर्तुगीजांना आणि त्यांच्या स्थानिक मित्रांना पाठवलेली होती, आणि पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील कारभाराचे केंद्र गोवा असल्यामुळे आज ती गोव्याच्या पुराभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत. पुढे वसाहतीच्या काळात रोमन लिपी रूढ झाली. 1928 मध्ये मोंबासाला झालेल्या परिषदेत झांझिबारची ‘किउंगुजा’ बोली प्रमाण म्हणून निवडली गेली आणि 1930 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या प्रदेशांची एकत्रित भाषासमिती काम करू लागली. रोमन लिपीत ऐनसाठी अक्षर ठेवले गेले नाही. त्यामुळे नाव जसे ऐकू येते तसे लिहिले जाऊ लागले आणि त्याचे अरबी मूळ डोळ्यांआड गेले. सोमाली भाषेने मात्र 1972 मध्ये रोमन लिपी स्वीकारताना ऐनसाठी ‘सी’ हे अक्षर राखून ठेवले, आणि स्वाहिली किनाऱ्याच्या अगदी शेजारच्या त्या भाषेत हेच नाव आजही ‘सी’ने सुरू होते. उच्चार आपल्या कानाला ‘आशा’सारखाच लागतो, पण पहिले अक्षर पाहिले की ते नाव अरबीतून आले आहे याविषयी शंका राहत नाही.

स्वाहिली भाषेत याच अरबी धातूचे आणखी दोन शब्द रोजच्या वापरात आहेत. ‘कुइशी’ म्हणजे जगणे किंवा राहणे, आणि ‘माइशा’ म्हणजे आयुष्य. ‘आशा अनाइशी पेंबा’ हे अगदी साधे वाक्य आहे आणि त्याचा अर्थ ‘आशा पेंबाला राहते’ एवढाच आहे, पण त्यातले नाव आणि क्रियापद एकाच धातूचे आहेत. बोलणाऱ्याला ते जाणवत नाही, जसे ‘विद्या’ आणि ‘वेद’ यांचा धातू एक आहे हे आपल्याला बोलताना जाणवत नाही. इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. स्वाहिलीत ‘क्विशा’ म्हणजे संपणे, आणि ‘इशा’ म्हणजे रात्रीची नमाज. हे दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात, पण पहिला मूळ बांटू, म्हणजे स्वाहिली ज्या आफ्रिकी भाषाकुळातली आहे त्या कुळातला, आहे आणि दुसरा वेगळ्या अरबी शब्दावरून आला आहे. केवळ उच्चारावरून नावाचा अर्थ लावायला निघालेला माणूस ‘जगणारी’च्या जागी ‘संपलेली’ असा नेमका उलटा अर्थ सांगून बसेल. माणसांच्या नावाच्या बाबतीत असा प्रमाद फार दुखावणारा असतो.

आता मराठी वाचकाला मला जी गोष्ट मनापासून सांगायची आहे, ती अशी की स्वाहिली आशेचा एक सख्खा नातेवाईक मराठीत खरोखरच आहे, पण तो आपली आशा नव्हे, तर ‘ऐष’ आहे. ऐष करणे, ऐषआराम, ऐषात राहणे या प्रयोगांतला ऐष म्हणजे तोच अरबी ‘ऐश’, जगणे. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ ‘जगणे’वरून ‘सुखात जगणे’ आणि पुढे ‘चैन’ असा सरकला. इजिप्तमध्ये त्याच शब्दाचा अर्थ भाकरी झाला आणि आखाती देशांत भात झाला, कारण ज्यावर माणूस जगतो तेच त्याचे जगणे. एकच धातू कैरोत भाकरी, कुवेतमध्ये भात, पुण्यात चैन आणि झांझिबारमध्ये मुलीचे नाव होऊन बसला आहे. या दांपत्याने शेजारच्या बाईंना नात्याची खूण म्हणून काही सांगायचेच असेल, तर हे सांगावे. ते खरे नाते आहे.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. हे नाव आपल्याकडच्या व्यापाऱ्यांबरोबर गेले असेल, ही कल्पना मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती सुचण्यासारखीच आहे. स्वाहिलीत भारतीय भाषांतले पुष्कळ शब्द आहेत. पैशाला पेसा म्हणतात, गाडीला गारी, लाखाला लाकी, विम्याला बिमा, गोणीला गुनिया, बांगडीला बांगिली, धोब्याला दोबी, आणि चपातीला चपातीच. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका झांझिबारी कथेचे भाषांतर करताना नायिकेच्या नावाखाली ‘आशा, म्हणजे उमेद’ अशी टीप देऊन बसलो होतो, आणि ती छापून आल्यावर झांझिबारच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला पत्र लिहून, अतिशय सौम्य शब्दांत, चूक दाखवून दिली. त्या पत्रानंतर मी नावांचा अर्थ कधीही केवळ कानावर विसंबून लिहिलेला नाही.

भारतीय उगमाच्या विरुद्ध जाणारी कारणे अशी आहेत. वर दिलेले शब्द पाहा. ते बाजाराचे, मालाचे, स्वयंपाकघराचे आणि प्रवासाचे शब्द आहेत. माणसाचे नाव असे गोण्यांबरोबर उतरत नाही, ते घरोब्यातून, धर्मातून किंवा लग्नसंबंधातून येते. झांझिबारला स्थायिक झालेल्या भारतीय व्यापाऱ्यांत खोजा आणि बोहरा मोठ्या संख्येने होते. ते शिया पंथाचे, आणि शिया परंपरेत आयेशा हे नाव सहसा ठेवत नाहीत. हिंदू व्यापाऱ्यांत कच्छचे भाटिया प्रमुख होते, पण समुद्रपर्यटनाच्या निर्बंधामुळे एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ ते आपल्या बायकामुलींना सोबत आणत नसत, त्यामुळे त्यांच्या मुलींची नावे स्वाहिली घरांत ऐकू जाण्याचीच सोय नव्हती. शिवाय आपल्याकडेही आशा हे नाव खरे रूढ झाले ते विसाव्या शतकात, त्याआधीच्या मराठी घरांत यमुना, गोदावरी, काशी, रमा अशी नावे अधिक असत.

याउलट अरबी उगमाला किनाऱ्याचा सगळा इतिहास दुजोरा देतो. ‘स्वाहिली’ हा शब्दच अरबी ‘सवाहिल’, म्हणजे किनारे, यावरून आला आहे. भाषेची घडण, तिचे व्याकरण आणि तिचा गाभा बांटू आहे, पण इस्लाम या किनाऱ्यावर फार लवकर पोहोचला. उंगुजा बेटाच्या दक्षिणेला किझिमकाझी येथील मशिदीत कूफी लिपीतला, म्हणजे अरबीच्या जुन्या कोनदार वळणातला, कोरीव लेख आहे आणि त्याचा काळ हिजरी 500, म्हणजे इसवी सन 1107, असा आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1331 मध्ये मोंबासा आणि किल्वा येथे आला, तेव्हा तिथले लोक सुन्नी असून शाफिई या सुन्नी धर्मशास्त्रीय विचारसरणीचे असल्याचे त्याने नोंदवले. आयेशा, फातिमा, खदिजा ही नावे अशा समाजात घरोघरी असणे हे ओघानेच आले. आपल्या कोकणी मुसलमानांची धार्मिक परंपराही शाफिईच आहे आणि तीही अरबी समुद्रावरच्या याच जुन्या संबंधांतून आलेली आहे. रत्नागिरीकडच्या घरातली आयशा आणि झांझिबारची आशा या दोघींचे नाव त्यामुळे खरोखर एक आहे.

किनाऱ्यावर हे नाव कसे वागवले जाते, हेही थोडे सांगतो. वयस्कर स्त्रीला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, ‘बि आशा’ म्हणतात. दारात उभे राहून ‘होदी, होदी’ अशी साद घालायची, आतून ‘करिबु’ असे उत्तर आले की आत जायचे, आणि बि आशांना ‘शिकामो’ म्हणून वंदन करायचे. त्या ‘मराहाबा’ म्हणतात आणि मगच पुढचे बोलणे सुरू होते. जुन्या पद्धतीत पूर्ण नाव सांगताना मधे ‘बिंती’, म्हणजे मुलगी, हा शब्द येतो, आशा बिंती जुमा असा. नावाच्या आधी ‘म्वाना’ लावण्याचीही रीत आहे. म्वाना म्हणजे मूल, पण स्त्रीच्या नावाआधी तो आदराचा शब्द होतो, आणि त्यातूनच म्वानाइशा हे जोडनाव तयार झाले आहे. 1858 मध्ये आपल्या मुलीसाठी दीर्घ उपदेशपर काव्य लिहिणारी लामूकडची कवयित्री म्वाना कुपोना हिच्या नावात हाच ‘म्वाना’ आहे, आणि ‘कुपोना’ या बांटू शब्दाचा अर्थ आजारातून बरे होणे, वाचणे असा आहे. अरबी आशा आणि बांटू कुपोना, दोन्हींत जीव तगण्याचाच अर्थ आहे, आणि स्वाहिली भाषा या दोन्ही कुळांतून नावे घेते हे त्यातून चांगले दिसते.

नावाचे वजन त्या समाजात किती आहे, याचे एक उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे म्हणून देतो. तारब या स्वाहिली किनाऱ्यावरच्या गायनप्रकारातल्या झांझिबारच्या थोर गायिका सिती बिंती साद यांचे बालपणीचे नाव ‘म्तुम्वा’ होते आणि त्याचा अर्थ दासी असा होतो. गाण्यामुळे मान मिळाल्यावर त्यांना ‘सिती’ म्हणू लागले, म्हणजे बाईसाहेब. हा शब्दही अरबीतूनच आला आहे. 1928 मध्ये त्या आपल्या साथीदारांसह मुंबईला आल्या आणि त्यांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण तिथे झाले. ‘जिना जेमा हुङारा गिझानी’, चांगले नाव अंधारातही चमकते, ही स्वाहिली म्हण सिती यांच्या बाबतीत शब्दशः खरी ठरली.

आजच्या टांझानियात आशा हे नाव केवळ मुसलमान घरांपुरते राहिलेले नाही. 2007 ते 2012 या काळात संयुक्त राष्ट्रांच्या उपमहासचिव असलेल्या टांझानियाच्या आशा-रोझ मिगिरो यांच्या नावात अरबी आणि युरोपीय अशी दोन नावे शेजारी बसली आहेत. तिकडच्या लोकांना त्यात काही वावगे वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने आशा हे आता स्वाहिली नाव आहे, आणि ते म्हणणे योग्यच आहे, कारण आठ-नऊ शतके ज्या भाषेच्या तोंडी एखादे नाव रुळले ते तिचेच झाले.

बाळांच्या नावांच्या याद्यांत मात्र ‘आशा, स्वाहिली शब्द, अर्थ जीवन’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यातून गैरसमज होतो. स्वाहिलीत जीवनाला ‘आशा’ असा सामान्य शब्द नाही. जीवनासाठी ‘माइशा’ किंवा ‘उहाइ’ म्हणावे लागते, आशा हे फक्त विशेषनाम आहे. अशा याद्या प्रामुख्याने अमेरिकेत वाढल्या, कारण 1960च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय समाजाने आपल्या आफ्रिकी मुळांचा शोध घेताना स्वाहिली शब्द जाणीवपूर्वक स्वीकारले. 1966 मध्ये सुरू झालेल्या क्वान्झा या उत्सवाची सात तत्त्वेही स्वाहिलीत आहेत आणि त्यांतील ‘निआ’ व ‘इमानी’ ही पुढे मुलींची लोकप्रिय नावे झाली. त्या चळवळीबद्दल मला आदर आहे. फक्त याद्यांत व्याकरण हरवते. ‘झुरी’ म्हणजे सुंदर असे त्यांत लिहितात, पण तो विशेषणाचा नुसता गाभा आहे, आणि माणसाबद्दल बोलताना त्याला प्रत्यय लागून ‘म्झुरी’ असे म्हणावे लागते.

या नावांपैकी काही मराठी माणसाला कोश न उघडता कळतील. इमानी म्हणजे आपले इमान, निआ म्हणजे नियत, रेहेमा म्हणजे रहम, बराका म्हणजे बरकत. ‘सुबिरा’ हे नाव तर मला फार आवडते, कारण त्याचा अर्थ धीर, आणि शिर्डीमुळे प्रत्येक मराठी घराला माहीत असलेली ‘सबुरी’ त्याच अरबी ‘सब्र’पासून आली आहे. आणि ज्या अर्थाने आपण आशा म्हणतो त्या अर्थाचा स्वाहिली शब्द ‘तुमाइनी’ आहे. तेही तिकडे माणसांचे नाव म्हणून ठेवतात, मुलाचे आणि मुलीचेही.

तेव्हा मुलीने अर्थ काय सांगावा, याचे उत्तर माझ्या मते अवघड नाही. तिचे नाव पणजीवरून ठेवलेले आहे, ते मराठी आहे आणि त्याचा अर्थ उमेद आहे. दार-ए-सलाममध्ये कोणी विचारले तर तिने हाच अर्थ ‘तुमाइनी’ या शब्दाने सांगावा, आणि तुमच्या नावाचा अर्थ ‘जगणारी’ आहे हे मला ठाऊक आहे असेही सांगावे. दोन अर्थ एकत्र करून ‘जीवनाची आशा’ असा तिसराच अर्थ रचण्याचा मोह काही पालकांना होतो. तो टाळावा, कारण तसा अर्थ कोणत्याच भाषेत नाही आणि त्यामुळे दोन्ही नावांचा खरा इतिहास झाकला जातो.

शेवटचा प्रश्न लेखनाचा. रोमन लिपीत सुरुवातीला एकच ‘ए’ लिहावा. भारतात दीर्घ ‘आ’ दाखवण्यासाठी काही जण तो दोनदा लिहितात, पण स्वाहिलीत लिहिलेला प्रत्येक स्वर वेगळा उच्चारतात. ‘बसणे’ या अर्थाचे ‘काआ’ हे क्रियापद तिथे स्पष्ट दोन अक्षरांत म्हटले जाते. दोन ‘ए’ लिहिले तर शाळेत हजेरी घेणाऱ्या बाई तिला ‘अ-आ-शा’ अशी तीन अक्षरांत, मधल्या अक्षरावर जोर देऊन हाक मारतील. एकच ‘ए’ लिहिला तर आघात आपोआप पहिल्या अक्षरावर पडेल, तो स्वर लांबेल आणि घरी आजी म्हणते तसेच ‘आशा’ ऐकू येईल. जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड आणि पासपोर्ट या तिन्हींवर हेच लेखन पहिल्या दिवसापासून सारखे ठेवावे. आणि शेजारी आता तिच्या आईला तिच्या स्वतःच्या नावाने हाक न मारता ‘मामा आशा’ म्हणू लागले असतील, तर मराठी कानांना ते चमत्कारिक वाटले तरी बिचकू नये. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि बाळाच्या नावाने आईला ओळखणे हा तिथे मान समजला जातो.